जीएनएम झाल्यावर तालुक्यात घरपोच नर्सिंग: परवाना नेमका कशाचा लागतो?

दारव्हा_जीएनएम

नमस्कार. जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा रिझल्ट लागला, डिप्लोमा हातात आहे, परिचर्या परिषदेची नोंदणी बाकी आहे. नोकरीच्या मागे न लागता तालुक्याच्या गावी आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस किलोमीटरमधल्या खेड्यांत घरी जाऊन नर्सिंग द्यायचा विचार करून राहिली आहे. लकव्याचे, खुब्याचं ऑपरेशन झालेले, कॅन्सरचे पेशंट नागपूर, सावंगी, यवतमाळहून सुट्टी घेऊन गावी येतात आणि मग नुसती लघवीची नळी बदलायला परत गाडी करून जातात. काम आहे हे दिसतेच.

गोंधळ कागदाचा आहे. कोणी म्हणते शॉप अ‍ॅक्ट काढलं की झालं, कोणी म्हणते सिव्हिल सर्जनची परवानगी पाहिजे. माझे प्रश्न असे:

एक, लायसन कोणतं आणि कोण देते? दोन, घराच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथं तीन-चार पेशंट ठेवले तर चालते का? तीन, इंजेक्शन-सलाईन घरी लावता येते का? चार, सहा महिन्यांचा "नर्सिंग कोर्स" केलेल्या दोन मुली मदतीला यायला तयार आहेत, त्यांना घेऊ का?

नियम_पाहून_सांगतो

ताई, महाराष्ट्रात "घरपोच नर्सिंगचं लायसन" असा वेगळा कागदच नाही. परवाना जागेचा नसतो, तुमचा असतो: महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली ही परिषद चालते. जीएनएमला आरएन आणि आरएम, म्हणजे परिचारिका आणि प्रसाविका, अशा दोन्ही नोंदी मिळतात. एएनएमची, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेची नोंद वेगळ्या यादीत होते. ही नोंदणी हातात येईपर्यंत घरी जाऊन काम सुरू करू नका. डिप्लोमा हे शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, काम करायची मुभा नोंदणीने मिळते.

नोंदणी एकदा केली आणि सुटलो, असं नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे सततच्या नर्सिंग शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. हॉस्पिटलात नोकरी असली की हे तास तिथल्या तिथे भरतात. स्वतंत्र काम करणाऱ्यांची इथेच पंचाईत होते: पाचव्या वर्षी जाग येते आणि मग तास जमवायची धावपळ. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नर्सिंग कॉलेजांत परिषदेची मान्यता असलेली सत्रं होतात. दर वर्षी एक-दोन करा आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावा.

शॉप अ‍ॅक्ट म्हणजे दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. माणसं थोडी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की काम होतं. बँकेत व्यवसायाच्या नावाने खातं काढायला तो कागद उपयोगी पडतो, बाकी नर्सिंगशी त्याचा काही संबंध नाही. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ती त्याची मजुरी समजा, सरकारी फी नव्हे. जीएसटीचं म्हणाल तर रुग्णाला दिलेली आरोग्यसेवा करमुक्त आहे. पण उद्या एखाद्या हॉस्पिटलला तुम्ही माणसं पुरवायला लागलात तर तो मनुष्यबळाचा पुरवठा होतो, तिथे कर येतो. हे दोन धंदे एका बिलबुकात मिसळू नका.

आता दोन खोल्यांचं. आजारी, जखमी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा दिली, की ती जागा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली शुश्रूषागृह ठरते. दाराबाहेर "सेवाकेंद्र" लिहा नाहीतर "वृद्धांचं घर", उपयोग नाही. आत काय चालतं ते पाहिलं जातं. या कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये बरीच भर पडली: जागा, कर्मचारी, दरपत्रक, रुग्णहक्कांची सनद. नोंदणी तीन वर्षांची असते. सिव्हिल सर्जनचं नाव तुमच्या कानावर आलं ते यामुळेच. घरी जाऊन सेवा देणाऱ्याला ते लागत नाही, पेशंट आपल्याकडे आणून ठेवणाऱ्याला लागतं. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे इंटरनेटवर त्याचे फॉर्म दिसले तरी भरत बसू नका.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं खोल्या भाड्याने द्या आणि घरोघरी जा.

मेट्रन_वर्धा

वरचं सगळं बरोबर. नोंदणीत अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा नावामुळे, म्हणून तेवढं लिहिते.

दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, डिप्लोमावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं. तीन कागदांवर तीन बाया दिसतात. लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद तयार ठेवा. ते नको असेल तर सरळ माहेरच्या नावाने नोंदणी करा, ती बेकायदा नाही. फक्त मग व्हिजिटिंग कार्ड, पावती, शिक्का, सगळीकडे तेच नाव हवं. पेशंटच्या मुलाने नोंदणी क्रमांक तपासला आणि नाव जुळलं नाही, तर तुम्ही बोगस ठरता.

परीक्षा मंडळाच्या कागदावरच स्पेलिंग चुकलं असेल तर आधी ते मंडळाकडून दुरुस्त करून घ्या. परिषद तुमच्या मंडळाचा कागद दुरुस्त करत नाही.

आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: गोंदिया, गडचिरोली, अमरावतीच्या सीमेवरच्या कितीतरी मुली छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणात शिकून येतात. आधी त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी, मग तिथलं ना-हरकत पत्र, मग महाराष्ट्रात नोंदणी, असा क्रम आहे. प्रवेश घेण्याआधी ती संस्था त्या राज्याच्या परिषदेच्या यादीत आहे का ते पाहा. तीन वर्षं आणि शेत विकून भरलेली फी गेल्यावर पाहण्यात अर्थ नाही.

दारव्हा_जीएनएम

खूप आभार दोघांचे. नावाचा घोळ माझ्याकडे आहेच, आजच कागद काढते.

इंजेक्शनचं मात्र कोणी बोललं नाही. गावात सगळ्यात जास्त मागणी त्याचीच आहे.

मेट्रन_वर्धा

मागणी आहे म्हणूनच तिथे सगळे फसतात.

डॉक्टरच्या लेखी आदेशावर इंजेक्शन देणं हे नर्सचं काम आहे. कोणतं इंजेक्शन द्यायचं ते ठरवणं हे नाही. ही रेघ ओलांडली की महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ लागू शकतं, बोगस डॉक्टरला लागतं तेच. तुमची परिषदेची नोंदणी तिथे वाचवायला येत नाही.

लेखी आदेश म्हणजे काय, तेही नीट पाहा. तारीख, पेशंटचं नाव आणि वय, औषधाचं नाव, मात्रा, कोणत्या मार्गाने, दिवसातून किती वेळा, किती दिवस, डॉक्टरची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. डिस्चार्ज कार्डवर "इंजे. चालू ठेवा" एवढंच खरडलेलं असेल तर तो आदेश नाही. सुट्टी होतानाच नातेवाइकाला पूर्ण लिहून आणायला सांगा. फोनवर डॉक्टरने सांगितलं तर? मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरला दूरस्थ सल्ला देता येतो आणि नर्स पेशंटजवळ असू शकते, पण चिठ्ठी आली पाहिजे. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो येईपर्यंत कुपी फोडू नका. मॉर्फिनसारखी औषधं या रस्त्याने मिळत नाहीत. कॅन्सरच्या पेशंटच्या मॉर्फिनच्या गोळ्या त्याच्या घरी, त्याच्या नावावर, मोजून ठेवलेल्या असाव्यात. तुमच्या बॅगेत कधीच नाही.

अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी देऊ नका. तो हॉस्पिटलातच झालेला असावा. त्यानंतरही रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन बॅगेत हवं आणि ते कधी द्यायचं याचा तुमच्या डॉक्टरने सही केलेला कायमचा आदेशही हवा. मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. शिरेत नाही, दंडाच्या कातडीखाली नाही. दिल्यावर १०८ ला फोन, पेशंट आडवा, पाय वर. दम लागला असेल तर मात्र बसता ठेवा. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथून हलायचं नाही. दिवसाला बारा घरं ठरवलीत तर हा अर्धा तास मिळत नाही, म्हणून बारा ठरवू नका.

आणखी एक चूक वारंवार दिसते. सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक चालू आहे आणि त्याच नळीतून आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनची बाटली. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, दोन्ही एकत्र आले की पांढरा साका धरतो. एनएस, म्हणजे साधं मिठाचं सलाईन वापरा.

बाटलीवाला_भाऊ

मॅडम, कागदावर सगळं बरोबर हाय. पण खेड्यात म्हाताऱ्याले अशक्तपणा आला की घरचे म्हणतेत बाटली लावून द्या. तुम्ही नाही म्हटलं तर ते दुसऱ्याले बोलावतेत, मग तुमचं ड्रेसिंगचं कामबी जाते. थोडं सांभाळून घ्या लागते.

मेट्रन_वर्धा

भाऊ, सांभाळून घ्या, पण सुई न लावता. घरच्यांना बाटलीचा हिशोब सांगा. एनएसच्या ५०० मिली बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आहे, बाकी पाणी. "ताकदीची" म्हणतात त्या डीएनएसमध्ये त्याशिवाय २५ ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे ८५ कॅलरी. ज्वारीची एक भाकर त्याहून जास्त देते. हे सांगितलं की अर्धी घरं ऐकतात.

उरलेली ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी ओआरएस. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या गिलासात अर्धं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला चमच्या-चमच्याने पाजलेलं हे पाणी खरंच कामाचं आहे. पण उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग तापलं, झटके आले, तर ते घरचं काम नाही. अंगावर ओलं फडकं, वारा आणि थेट दवाखाना.

हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला एक बाटली भराभर गेली की फुफ्फुसात पाणी भरतं. रात्री दोनला माणूस बसून धापा टाकतो आणि तोवर सिस्टर घरी पोचलेली असते. डॉक्टरने लेखी दिलंच असेल तर वेग मोजा. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली. ५०० मिली सहा तासांत द्यायचं असेल तर मिनिटाला २८ थेंबांच्या आसपास. आणि ते सहा तास तुम्ही किंवा दुसरी नोंदणीकृत सिस्टर तिथे बसलेली हवी. "संपली की चिमटा लावा" असं पोराला सांगून निघायचं नाही. सहा तास बसायचे पैसे सांगितले की बाटलीची हौसही बरीच कमी होते, हा एक फायदा.

तिसरी_पाळी

ज्या कामावर तुमचं खरं चालणार आहे ते म्हणजे लघवीची नळी, नाकातली नळी आणि बेडसोर. त्याबद्दल लिहितो.

लघवीची नळी: पुरुषाला साधारण १६ नंबर, बाईला १४. सोबत निर्जंतुक हातमोजे, लिग्नोकेन जेली, १० मिलीची सिरिंज, इंजेक्शनचं पाणी, दोन लिटरची पिशवी. प्रत्येक वस्तू दोन-दोन घ्या, कारण एक नळी जमिनीवर पडणारच आणि दुकान बारा किलोमीटरवर आहे. फुग्यात पाणीच भरायचं, सलाईन नाही. सलाईनचे खडे जमतात आणि काढताना फुगा रिकामा होत नाही. पुरुषाच्या नळीत लघवी दिसली तरी लगेच फुगवू नका, नळी बाहेरच्या टोकाच्या फाट्यापर्यंत, जिथे तिला दोन तोंडं फुटतात तिथपर्यंत, आत सरकवा आणि मग फुगवा. लघवी दिसली की हात थांबतो, फुगा मूत्रमार्गातच फुगतो आणि रक्त सुरू होतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. फुगवताना पेशंट कळवळला तर थांबा, पाणी परत काढा. शेवटी मागे सरकवलेली कातडी पुढे आणायची. ती मागेच राहिली तर सुजून अडकते.

जोर लावून जात नसेल तर जोर लावू नका. दोनदा प्रयत्न झाला, नाही गेली, डॉक्टरकडे पाठवा. प्रोस्टेटच्या म्हाताऱ्यांत असं होतं आणि त्यात सिस्टरचा कमीपणा नाही.

साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलतात. सिलिकॉनची महाग पडते पण बारा आठवड्यांपर्यंत चालते. येण्याजाण्याचा खर्च धरला तर खेड्यात सिलिकॉनच स्वस्त पडते. घरच्यांना सांगायच्या गोष्टी दोनच: पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी. बाजेच्या खुराला दोरीने बांधली तरी चालेल. पेशंटला बैलगाडीत किंवा ऑटोत बसवताना पिशवी त्याच्या मांडीवर ठेवतात, तेव्हा सगळी लघवी उलटी आत जाते. चिमटा लावा आणि पिशवी खालीच धरा.

नाकातली नळी: हवा मारून पोटावर आवाज ऐकायची पद्धत अजून शिकवतात. तिच्यावर भरवसा नको, फुफ्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज येतो. आतला द्रव सिरिंजने थोडा ओढून पीएचच्या, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या पट्टीवर पाहा: ५.५ किंवा त्याखाली असेल तर जठर. नवीन नळी टाकली आणि पीएच जुळत नाही, तर एक्स-रे होईपर्यंत पाण्याचा थेंब नको. नळीवर नाकपुडीपाशी मार्करने रेघ मारा. रेघ बाहेर सरकलेली दिसली तर खाणं द्यायचं नाही, हे घरातल्या सुनेलासुद्धा कळतं. एका वेळी २०० ते २५० मिली, वीस-तीस मिनिटांत, डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतर अर्धा तास ते तास तसंच. शेवटी ३० मिली पाणी. वरणाचं पाणी गाळून द्या, नाहीतर तुरीच्या सालीनं नळी चोंदते.

बेडसोर: दर दोन तासांनी कूस. एअर बेड घेतला म्हणून हे सुटत नाही. आपल्याकडे तर लाइन गेली की पंप बंद, गादी बसते आणि पेशंट थेट लाकडावर. ज्या गावात रात्री चार-चार तास वीज जाते तिथे एअर बेडच्या भरवशावर राहू नका. भिंतीवर तक्ता लावा: डावी, पाठ, उजवी, वेळ आणि कूस वळवणाऱ्याचं नाव. नाव लिहावं लागलं की कूस वळते. माकडहाडावर लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती पहिली पायरी आहे. तिथे मालिश करायची नाही, आतलं मांस आणखी फाटतं. हळद, टाल्कम, स्पिरिट, काही लावायचं नाही. जखम झाली तर एनएसने धुवा आणि ओलसर ड्रेसिंग करा. काळी साल कापणं हे सर्जनचं काम.

पीएचसी_गडचिरोली

वरच्यात थोडी भर.

इन्सुलिन बंद कुपी २ ते ८ अंशात राहते. उघडलेली २८ दिवस चालते, पण मोठ्या उन्हात नाही. फ्रिज नसेल तर मडक्यात मडकं, मध्ये ओली वाळू, वरून ओलं फडकं, आणि कुपी आतल्या कोरड्या मडक्यात डब्यात बंद. कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं थंड राहते. पावसाळ्यात दमट हवेत याचा उपयोग कमी, पण तेव्हा गरजबी कमी. फ्रिज असला तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. एकदा गोठलं की फेकून द्या. पांढरट गढूळ प्रकाराचं इन्सुलिन तळहातात हळू फिरवून घ्या, हलवून फेस आणू नका.

आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, भरपूर आहे. पेशंटजवळ सिकलसेल कार्ड आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारा. हातपाय दुखतात म्हणून घरचे बर्फाने शेकतात, ते बंद करा, थंडीनं त्रास वाढते. ताप, छातीत दुखणं, दम, अचानक पांढरं पडणं, यातलं एक जरी असलं तरी घरी बसायचं नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःची. हिपॅटायटिस बी ची लस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी: १० च्या वर पाहिजे. हे काम सुरू करण्याआधी व्हावं. सुई टोचली तर साबणपाण्यानं धुवा, पिळू नका, तोंडात बोट घालू नका. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ती सरकारी रुग्णालयात मिळतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. रात्री टोचलं म्हणून सकाळची एसटी पाहत बसायचं नाही.

नियम_पाहून_सांगतो

कचऱ्याचं राहिलं होतं. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६. तुम्ही ड्रेसिंगचं सामान आणि वापरलेल्या सुया एखाद्या खोलीत आणून ठेवणार असाल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि सामूहिक प्रक्रिया केंद्राचं सभासदत्व घ्या. खाटा नसलेल्या जागेला प्राधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं. केंद्राची कचरा नेणारी गाडी कोणत्या वारी तालुक्यात येते ते आधी विचारा, कारण कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

रक्ता-पुवाचा कापूस पिवळ्या पिशवीत. नळ्या, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही, टोचतं तेव्हाच. चुलीत जाळणं, उकिरड्यावर टाकणं, विहिरीशेजारी पुरणं, तिन्ही गुन्हे. खोल पुरण्याची सोय नियमात आहे, पण ती जिथे सामूहिक केंद्राची गाडी पोचतच नाही अशा दुर्गम भागासाठी आणि ठरवलेल्या मापाच्या खड्ड्यात. आपल्याला सोयीचं म्हणून नाही.

चौथा प्रश्न: सहा महिन्यांचा "नर्सिंग कोर्स". त्या कोर्सवर परिषदेत नोंदणी होत नाही, मग प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का असो की मंत्र्याचा फोटो. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. यापेक्षा कमी काळात नर्स होता येत नाही. त्या मुलींकडे कौशल्य परिषदेचं जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचं प्रमाणपत्र असेल तर सहायक म्हणून घ्या, चांगलं काम करतील. आंघोळ, तोंडाची स्वच्छता, कूस वळवणं, तोंडाने भरवणं, पिशवी रिकामी करून मापून लिहिणं. सुई, नळी, औषध मोजून देणं नाही. गणवेशाचा रंग तुमच्यापेक्षा वेगळा ठेवा आणि छातीवर "सहायक" असं मराठीत लिहा. गावात पांढरे कपडे दिसले की "सिस्टर" म्हणतात आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी इंजेक्शन पुढे करतं. मुलीला नाही म्हणणं सोपं जावं, म्हणून हा बिल्ला.

दोघींची पोलीस पडताळणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसाच्या एकट्या घरात दिवसभर राहायचं असतं, अंगठी हरवली की आधी नाव त्यांचं येतं.

दारव्हा_जीएनएम

खोल्यांचा विचार सोडला. शेवटचं एक: वहीत काय काय लिहायचं? आणि हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचं ब्लीच, बाजारात पाच टक्क्यांचं मिळते, सांडलेल्या रक्तावर तसंच ओतायचं का?

तिसरी_पाळी

तसंच नाही. एक भाग औषध, चार भाग पाणी, म्हणजे एक टक्का. आधी रक्तावर कागद टाका, त्यावर हे ओता, दहा मिनिटं तरी राहू द्या, मग हातमोजे घालून पुसा. रोज ताजं करा, उन्हात आणि उघड्या बाटलीत त्याचा जोर जातो. कॅन गाडीच्या डिकीत ठेवू नका.

वही म्हणण्यापेक्षा कार्बन लावून दोन प्रती: एक पेशंटच्या घरी, एक तुमच्याकडे. पोचल्याची आणि निघाल्याची वेळ, बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, काय केलं, कोणाच्या आदेशावर, नळीचा नंबर आणि फुग्यात किती मिली, किती लघवी आली आणि रंग कसा, औषधाचा बॅच नंबर, पुढची तारीख. खाली घरच्या माणसाची सही. फुग्यात किती मिली ते विसरू नका. पुढच्या वेळी दुसरी सिस्टर आली आणि दहा भरलेल्यातले पाचच निघाले, तर तिला थांबायचं हे त्या आकड्यावरूनच कळतं.

पहिल्या भेटीआधी संमतीपत्र मराठीत घ्या आणि वाचून दाखवा. अंगठा असेल तर शेजारी वाचणाऱ्या साक्षीदाराची सही. आणि चुकलं ते खोडून पांढरं लावायचं नाही, एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख.